निवृत्तीनंतरचे सहा गठ्ठे

महसूल खात्यात ज्यानं टेबल सांभाळलंय त्याला सहा गठ्ठे पद्धत समजावून सांगावी लागत नाही. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. कारकुनाकडे आलेला प्रत्येक कागद सहांपैकी एका गठ्ठ्यात गेला पाहिजे. ज्यावर आपल्याला काही करायचंय ती चालू प्रकरणं. आपलं करून झालंय, पण दुसऱ्या कुणाचा अहवाल, उत्तर किंवा सही यायचीय ती प्रतीक्षाधीन. ठरलेल्या तारखेला पाठवायची विवरणपत्रं म्हणजे नियतकालिकं. वारंवार लागणारे शासन निर्णय आणि परिपत्रकं स्थायी आदेशांच्या संचिकेत. निकाली निघालेली प्रकरणं अभिलेख कक्षाकडे. आणि सहावा गठ्ठा ‘ड’ वर्गाचा, म्हणजे मुदत संपली की नष्ट करायच्या कागदांचा. 1980च्या दशकात अनिलकुमार लखिना नगरला जिल्हाधिकारी असताना त्यांनी कार्यालयाची नवी घडी बसवली. ती पुढे ‘लखिना पॅटर्न’ म्हणून गाजली. माझी बरीचशी नोकरी त्याच जिल्ह्यात झाली. त्यामुळे तपासणी लागली की गठ्ठे लावायला शेजारच्या टेबलवाले मला बोलवायचे.

एवढं असून निवृत्तीनंतर माझ्या स्वतःच्या कामांची अवस्था काय झाली? ऑफिसात कागद यायचा तो आवक क्रमांक घेऊन. घरी काम येतं ते जेवताना, जिन्यात, लग्नाच्या मांडवात. सोसायटीचं सचिवपद ‘तुम्ही आता मोकळेच आहात’ म्हणून गळ्यात पडलं. गावाकडे आईच्या नावावरच्या जमिनीची वारस नोंद राहिली होती. धाकट्या भावाला सवड नाही, म्हणून तीही माझ्याकडे. निवृत्तिवेतनाचा थोडा फरक निघायचा होता. गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत नाव होतंच. शिवाय दाताची ट्रीटमेंट, गच्चीची गळती, विमा, भाचीच्या लग्नाची खरेदी. हे सगळं डोक्यात, डायरीत, कॅलेंडरच्या चौकोनात आणि वॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजांत विखुरलेलं. रात्री अडीचला जाग आली की आठवायचं, आर्किटेक्टला फोन करायचा राहिला. ब्लूमा झायगार्निक नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1927 साली दाखवून दिलं होतं, की अर्धवट राहिलेलं काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं. हे मला चिरंजीवांनी सांगितलं. झायगार्निकबाईंच्या प्रयोगात लोकांना मधेच थांबवलं जायचं. मला कोणी थांबवत नव्हतं, तरी अर्धवट कामांची कमतरता नव्हती.

चिरंजीव बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये. दिवाळीला आला तेव्हा माझ्या मोबाइलवर कामांच्या यादीचं एक ॲप टाकून दिलं आणि जीटीडी, म्हणजे ‘गेटिंग थिंग्ज डन’ नावाची पद्धत शिकवली. डेव्हिड ॲलन या अमेरिकी सल्लागारांनी 2001 साली पुस्तक लिहून ती मांडली. पद्धत अशी, की पहिल्यांदा डोक्यातलं सगळं बाहेर काढून एका ठिकाणी ओतायचं. मग एकेक बाब उचलून ठरवायचं, यात आपल्याला काही करायचंय का? नसेल तर फेकून द्या, संदर्भ म्हणून ठेवा, किंवा ‘कधीतरी’च्या यादीत टाका. करायचं असेल तर पुढची नेमकी कृती लिहा. दोन मिनिटांत होणार असेल तर लगेच उरका. दुसऱ्यावर सोपवलं असेल तर ‘वाट पाहतोय’ अशा यादीत घाला. आणि दर आठवड्याला सगळ्या याद्यांवरून नजर फिरवा.

मी ऐकत होतो आणि मनातल्या मनात गठ्ठे मोजत होतो. ‘वाट पाहतोय’ म्हणजे प्रतीक्षाधीन. संदर्भ म्हणजे स्थायी आदेश. फेकून द्या म्हणजे ‘ड’. त्यांच्याकडे पुढच्या तारखांची आठवण राहावी म्हणून त्रेचाळीस फोल्डरांची एक युक्ती आहे, महिन्याच्या दिवसांचे एकतीस आणि वर्षाच्या महिन्यांचे बारा. आमच्याकडे नियतकालिकांची नोंदवही हे काम करायची. मी चिरंजीवांना म्हटलं, “अरे, हे आम्ही तहसील कार्यालयात करत होतो.” तो म्हणाला, “मग बाबा, घरी का करत नाही?” याला उत्तर नव्हतं. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “घरी तपासणीला कोण येतंय?” उत्तर बहुतेक तेच होतं.

डोकं रिकामं करायला बसलो ते पाठकोऱ्या कागदांवर. ॲप उघडून एकेक टाइप करणं मला झेपेना. एका कागदावर एकच काम. नुसतं डोक्यातलं नाही, तर पाकीट, शर्टचे खिसे, फ्रिजवरची चुंबकं, गाडीचा कप्पा, वॉट्सॲप, सगळं उपसलं. डायनिंग टेबल भरलं, मग दिवाण भरला. त्यात ‘दिलीपचे पैसे’ असा एक कागद निघाला. कोण दिलीप, आणि पैसे द्यायचे की घ्यायचे, काही केल्या आठवेना. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

आता गठ्ठे लावायची वेळ. इथे एक गोष्ट लगेच ध्यानात आली. बहुतेक कागदांवर काम लिहिलेलंच नव्हतं. ‘कन्व्हेयन्सचं बघणे.’ ‘वारस नोंद.’ ‘गळती.’ ऑफिसात मी ‘सदर प्रकरणी बघणे’ अशी टिपणी ठेवली असती, तर तहसीलदारांनी समासात ‘म्हणजे काय?’ लिहून संचिका परत धाडली असती. टिपणीचा शेवटचा परिच्छेद कसा असतो? सबब, अमुक यांना तमुक कागदपत्रं सादर करण्याबाबत कळवावे, मान्य असल्यास पत्राचा मसुदा सोबत जोडला आहे, आदेशार्थ सादर. कोणी, काय, कुणाला, सगळं त्यात असतं. ॲलनसाहेबांची ‘पुढची कृती’ ती हीच. त्यामुळे मी प्रत्येक कागदाच्या तळाला एक ‘सबब’ लिहायचं ठरवलं. ‘गळती’चं झालं: सबब, वॉटरप्रूफिंगवाल्याला मंगळवारी सकाळी फोन करून गच्ची बघायला बोलवावे. हे लिहिताना हसू येत होतं, पण ‘सबब’ लिहिला की काम हलायचं. ज्या कागदाला सबब सुचेना, तिथे आपल्याला ते काम करायचंच नाहीये, हेही कळून यायचं.

सोसायटीच्या कन्व्हेयन्सचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण माझी सगळी पद्धत त्याच्यावर घासून तयार झाली. बिल्डरनं इमारत बांधून सदनिका विकल्या, पण जमीन सोसायटीच्या नावावर करून दिली नाही, ही पुण्या-मुंबईत जुनीच रड आहे. अशा वेळी 1963च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याच्या कलम 11 खाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरच्या सहीविना कन्व्हेयन्स मिळवण्याचा, अर्ज करता येतो. अर्जाला लागतं काय? सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, आर्किटेक्टचा क्षेत्रफळाचा दाखला, बिल्डरला दिलेली नोटीस, आणि सभासदांच्या करारनाम्यांचे इंडेक्स-2, म्हणजे दस्त नोंदणीचा गोषवारा देणारे उतारे. यातलं शेवटचं कलम दिसायला किरकोळ, पण सगळा खेळ तिथेच अडतो.

माझ्या यादीत हे एकच काम होतं, ‘कन्व्हेयन्स’. ऑफिसच्या पद्धतीनं संचिका उघडली, डाव्या बाजूला टिपणी, उजव्या बाजूला पत्रव्यवहार, टॅग ओवून. तेव्हा दिसलं, की यात माझ्या हातात असलेलं काम जेमतेम दोन ओळींचं आहे. नकाशाची प्रत महापालिकेकडून यायचीय. दाखला आर्किटेक्टकडून. नोटिशीचा मसुदा वकिलाकडून. इंडेक्स-2 घराघरांतून. म्हणजे प्रकरण चालू नाहीच, ते प्रतीक्षाधीन आहे. आणि मी मात्र रोज सकाळी ‘कन्व्हेयन्स राहिलंय’ म्हणून स्वतःला कोसत होतो.

मग सगळेच कागद पुन्हा चाळले. वारस नोंदीचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र मी तलाठ्यांकडे दिलेलं होतं. पुढे गाव नमुना 6-क मध्ये वारसांची नोंद, मग फेरफार, हितसंबंधितांना नोटिसा, हरकतीसाठी 15 दिवस आणि शेवटी मंडळ अधिकाऱ्यांचं प्रमाणन. यातला एकही टप्पा माझ्या हातचा नाही. निवृत्तिवेतनाचा फरक, विम्याचं क्लेम, वाचनालयाच्या ऑडिटरचा शेरा, भाचीच्या सासरकडून यायचा मानपानाचा निरोप, सगळं दुसऱ्यांच्या टेबलावर. चालू गठ्ठा पार बारका झाला. प्रतीक्षाधीन एवढा फुगला की दोरी पुरेना.

जीटीडीत ‘वाट पाहतोय’ ही यादी आहे, पण ती बऱ्यापैकी अंग चोरून बसलेली. चिरंजीवांच्या ॲपमध्ये तर ती सगळ्यात खाली होती. तिकडच्या माणसाला कदाचित एक ईमेल टाकली की उत्तर येत असेल. आपल्याकडे उत्तर येत नाही, आणावं लागतं. म्हणून माझ्या मते हा गठ्ठा सगळ्यांत वर हवा. त्यातल्या प्रत्येक कागदावर तीन गोष्टी मी लिहितोच: कुणाकडे, कोणत्या तारखेपासून, आणि स्मरणपत्र कधी. तिसरी नसेल तर पहिल्या दोन व्यर्थ. ऑफिसात स्मरणपत्र 1, स्मरणपत्र 2 आणि मग अर्धशासकीय पत्र, म्हणजे साहेबांनी साहेबांना नावानिशी लिहिलेलं, अशी चढण असायची. घरी अर्धशासकीय पत्राऐवजी सौ. फोन करतात. तो बहुधा लागू पडतो.

इंडेक्स-2 साठी मी सभासदांच्या ग्रुपवर ‘सर्वांना विनंती’ टाकत होतो. त्याला हात जोडल्याची चित्रं यायची, कागद येत नव्हते. सदनिकानिहाय तक्ता केला. क्रमांक, आला की नाही, नसेल तर का. ‘का’च्या रकान्यात गंमत निघाली. काहींकडे इंडेक्स-2 होता, पण झेरॉक्स काढायला जाणं होत नव्हतं. काहींचा करारनामा बँकेत गहाण. दोघा-तिघांना इंडेक्स-2 म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, आणि विचारायचा संकोच. तिसऱ्या मजल्यावरचे काका थेट म्हणाले, “कागद देईन, पण आधी पार्किंगचं बोला.” म्हणजे एका ओळीच्या कामाचे चार वेगळे सबब झाले. पहिल्यांच्या घरी मी मोबाइलवर स्कॅन करायला गेलो. बँकवाल्यांना सांगितलं, इंडेक्स-2 नोंदणी विभागाच्या साइटवर शोधता येतो. तिसऱ्यांना जुन्या करारनाम्याच्या मागे कुठे बघायचं ते दाखवलं. काकांचं पार्किंग वेगळ्या संचिकेत. ते प्रकरण अजून चालू आहे, आणि ते माझ्या हयातीत निकाली निघेल असं मला वाटत नाही.

दोन मिनिटांचा नियम मात्र मी सोडला. तिकडे तो फार गाजलेला आहे, पण निवृत्त माणसाला दोन मिनिटांत होणारी कामं इतकी असतात, की ती करताकरता दुपारची झोपेची वेळ होते. शिवाय दोन मिनिटांचा फोन म्हणून लावावा, तर पलीकडून “अरे व्वा, किती दिवसांनी!” आणि मग तब्येती, मुलं, बदल्या, कोण गेलं, कोण राहिलं. फोनची कामं मी आता एकगठ्ठा करतो, साडेदहा ते साडेअकरा. ऑफिसं उघडलेली असतात आणि साहेब लोक अजून मीटिंगला गेलेले नसतात.

नियतकालिकांचा गठ्ठा लावायला सगळ्यात सोपा गेला, आणि फायदा झटकन दिसला. नोव्हेंबरात हयातीचा दाखला. 31 जुलैच्या आत आयकराचं विवरणपत्र. 30 सप्टेंबरच्या आत सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा, म्हणजे त्याआधी हिशोब आणि लेखापरीक्षण, म्हणजे ऑडिटरच्या मागे मे महिन्यापासून. मिळकत कराची सवलतीची मुदत. गाडीचा विमा, पीयूसी. हे सगळं मी मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकलं, दरवर्षी आपोआप येईल असं. इथे ॲपला मानावं लागतं. नोंदवही उघडायला माणूस लागतो, मोबाइल स्वतः वाजतो. एक केलं, की अंतिम तारखेबरोबर सुरुवातीची तारीखही टाकली. नुसती अंतिम तारीख कळून उपयोग नसतो. 29 सप्टेंबरला सभेची आठवण येऊन काय करणार? सर्वसाधारण सभेची नोटीसच पूर्ण 14 दिवस आधी द्यावी लागते.

‘ड’ गठ्ठ्याला हात घालायला धीर लागला. विमा कंपनीच्या जुन्या नोटिसा, बंद झालेल्या खात्यांची पासबुकं हे सोपं होतं. पण ‘संस्कृत शिकणे’, ‘आजोबांच्या मोडी दप्तराचं लिप्यंतर’, ‘पेटीचा क्लास’ हे कागद कुठे जायचे? जीटीडीत यांना ‘कधीतरी’ची यादी आहे. सहा गठ्ठ्यांत अशा इच्छांना जागाच नाही, सरकारला इच्छा नसतात. मी बरेच दिवस सातवा गठ्ठा ठेवला होता. तो उघडला की उगाच अपराधी वाटायचं. शेवटी संस्कृत नष्ट केलं, पेटी सौ.ना दिली, कारण हौस मुळात त्यांची होती. मोडी तेवढी चालू गठ्ठ्यात घेतली. सबब, पुण्यात मोडीचे वर्ग कुठे भरतात याची चौकशी करावी. चौकशी झाली, वर्गही लावला. दप्तराचं पहिलं पान वाचलं तर निघाली ती एका बैलाच्या खरेदीची पावती.

आता आठवड्याचा आढावा. जीटीडीवाले सांगतात, शांत बसून सगळ्या याद्या वाचा. मी वाचत नाही, गोषवारा काढतो. पाच रकाने: आरंभीची शिल्लक, आवक, एकूण, निर्गत, अखेरची शिल्लक. समजा आरंभीची शिल्लक 41, आठवड्यात आली 9, एकूण 50, निकाली निघाली 6, शिल्लक 44. एवढ्या आकडेमोडीनं जे कळतं ते कुठलंही ॲप मला सांगत नव्हतं. आठवडाभर पायाला भिंगरी लावून फिरलो, सहा कामं केली, आणि तरी शिल्लक तीननं वाढली. म्हणजे माझा दोष निर्गतीत नाही, आवकेत आहे. कोणतंही काम ‘हो, बघतो’ म्हणून घेण्याआधी मला आता तो रकाना दिसतो. वाचनालयाच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेचं संपादन मी त्या रकान्याकडे बघूनच नाकारलं. अध्यक्ष थोडे दुखावले. त्यांना गोषवारा दाखवला, तर म्हणाले, “तुम्ही अजून रिटायर झालेले नाहीत.”

खाली वयोमानाप्रमाणे वर्गवारी करतो: महिन्याच्या आतली, एक ते तीन महिने, तीन ते सहा, सहा महिन्यांवरची. सहा महिन्यांवर गेलेल्या प्रत्येकाचं कारण लिहायचं, हा ऑफिसचा नियम घरीही ठेवला. कारण लिहायला लाज वाटली तर काम त्याच दिवशी होतं, नाहीतर ‘ड’मध्ये जातं. गोषवारा शुक्रवारी रात्री जेवणानंतर सौ.समोर वाचतो. सुरुवातीला त्या टीव्हीचा आवाज वाढवायच्या. आता मधूनच “त्या गळतीचं काय झालं?” विचारतात. तपासणी अधिकारी मिळाला, आणि बदली होणारा नाही.

कागद की मोबाइल हा वाद चिरंजीव अजून घालतो. माझं ठरलंय ते असं. आवक मोबाइलवर, कारण तो कायम खिशात असतो. काम सुचलं की एक ओळ बोलून टाकायची, मराठीत बोललेलं बऱ्यापैकी बरोबर उमटतं. नियतकालिकं कॅलेंडरमध्ये. संध्याकाळी त्या ओळी कागदावर उतरवून गठ्ठ्यात. हे दुहेरी काम आहे, मान्य. पण उतरवताना पुन्हा एकदा विचार होतो, आणि निम्म्या ओळी उतरवण्याच्या लायकीच्या नसतात.

सध्या हातात आहे ती चार्ज यादी. बदली झाली की नव्या माणसाला काय काय स्वाधीन केलं त्याची यादी करून दोघांच्या सह्या होतात, तशी. बँक खाती आणि प्रत्येकावर नॉमिनी कोण, विमा पॉलिसी, लॉकरची किल्ली, निवृत्तिवेतनाचा पीपीओ क्रमांक, गावच्या जमिनीचे गट नंबर, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, कोणत्या संचिका प्रतीक्षाधीन आणि कुणाकडे. चिरंजीवांना फोनवर सांगितलं तर तो गप्प झाला, मग म्हणाला, “बाबा, ॲपमध्ये शेअर करून टाका ना.” मी म्हटलं, पुढच्या महिन्यात येशील तेव्हा समक्ष घे, प्रत्येक पानावर सही लागेल. यादीत दोन रकाने अजून मोकळे आहेत. एका जुन्या मुदत ठेवीवर नॉमिनी आईचंच नाव आहे, ते बदलायला बँकेत अर्ज दिलाय, स्मरणपत्र पुढच्या सोमवारी. आणि दिलीप.